डबा गात नाही तेव्हा

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेत आजचा विषय ‘स्मार्ट स्पीकर : उपयोग आणि अडचणी’ असा छापला आहे. उपयोगांबद्दल मी काही सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी हा डबा आला आहे त्यांना ते ठाऊक आहेत, आणि ज्यांच्या घरी आला नाही त्यांना येत्या दिवाळीत मुलगा नाहीतर नात तो आणून देणारच आहे. मी एकाच अडचणीवर बोलणार आहे. आपण गाणं मागतो आणि ते लागत नाही. किंवा लागतं, पण भलतंच.

ही अडचण दिसते तेवढी किरकोळ नाही. आपल्या किती तरी घरांत मी एकच गोष्ट पाहतो. डबा आला, पहिला आठवडा कौतुकात गेला. मग एक दिवस काकूंनी तीनदा मागितलं आणि तीनदा दुसरंच काही वाजलं. घरातलं कुणी तरी म्हणालं, “आई, जरा नीट बोला ना.” बस. त्या दिवसापासून काकू त्या डब्याशी बोलत नाहीत. तो आता नातवंडांची गाणी वाजवतो आणि काकू म्हणतात, “मला नाही बाई त्याची हौस.” हौस होती हो. त्यांना कुमारजींचं निर्गुणी भजन ऐकायचं होतं. ज्या घरात पन्नास वर्षं रेडिओ, रेकॉर्ड आणि कॅसेटवर आपलं गाणं वाजलं, त्या घरात आता फक्त यंत्राला सहज समजेल तेवढंच वाजतं. मला त्याची काळजी वाटते, म्हणून आज इथे उभा आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. त्या डब्यात एकही गाणं नसतं. कॅसेटमध्ये गाणं होतं, रेकॉर्डवर होतं. इथे डबा फक्त निरोप्या आहे. तुम्ही ‘अलेक्सा’ किंवा ‘ओके गूगल’ म्हणता, तेवढं नाव ओळखण्यापुरता कान डब्यातच असतो. नाव ऐकलं की तो पुढचं तुमचं वाक्य वाय-फायवरून कंपनीच्या दूरवरच्या कॉम्प्युटरकडे पाठवतो. तिथे आवाजाचे शब्द होतात आणि शब्दांचा अर्थ लावला जातो. मग गाण्यांची जी सेवा तुमच्या खात्याला जोडलेली असेल, स्पॉटिफाय म्हणा, जिओसावन म्हणा, अ‍ॅमेझॉन म्युझिक म्हणा, तिच्या भांडारात ते गाणं शोधलं जातं आणि इंटरनेटवरून तुमच्या खोलीत येतं. कान, वाट, समज आणि भांडार. गाडी यांतल्या कुठल्या स्टेशनावर अडली आहे ते कळलं की निम्मं काम झालं.

ते ओळखायची सोपी युक्ती आहे. गाणं लागलं नाही तर तेच गाणं पुनःपुन्हा, चढ्या आवाजात मागू नका. त्याला इंदूरचं हवामान विचारा. हवामान नीट सांगितलं, तर कान, वाट आणि समज तिन्ही शाबूत आहेत. खोट गाण्याच्या खात्यात आहे किंवा गाण्याच्या नावात. हवामानही सांगता आलं नाही, तर गाण्याचा काही संबंधच नाही, वाट बंद आहे. आणि नाव घेऊन दिवासुद्धा लागला नाही, तर बिघाड कानात.

कानाचं लवकर आटपतं. अ‍ॅमेझॉनच्या इको डब्यावर लाल दिवा स्थिर दिसत असेल, तर माइक बंद आहे. धूळ पुसताना वरचं बटण दाबलं जातं. पुन्हा एकदा दाबा, संपलं. गूगलच्या डब्याला माइकसाठी वेगळी सरकपट्टी असते, आणि ती बंद असली की नारिंगी दिवे दिसतात. डबा ठेवायची जागाही बघा. भिंतीपासून वीतभर पुढे असावा. टीव्हीच्या शेजारी किंवा स्वयंपाकघरात मिक्सरजवळ नको. कुकरच्या शिट्टीत तुमचा आवाज तुमच्या घरच्यांना ऐकू येत नाही, त्या बिचाऱ्याला कुठून येणार?

आता वाट. राउटरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि मग दोन-तीन मिनिटं त्याला हात लावू नका. बहुतेक लोक इथे धीर सोडतात आणि लगेच दुसऱ्यांदा बंद करतात. राउटर सावरला की डब्याची पिनही एकदा काढून लावा. त्याच्याबरोबर आलेलाच अडॅप्टर वापरा. मोबाइलचा जुना चार्जर लावला की काही डबे बोलतात, पण आवाज वाढवला की बंद पडतात.

इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, आणि डबा मुका झाला, हे तर हमखास घडतं. त्याला जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पाठ असतो. नवा कोण सांगणार? राउटर बसवायला जो मुलगा येतो त्याला तिथल्या तिथे सांगा, की नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दे, अक्षरन्‌अक्षर तोच. मग घरातल्या जवळपास सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या जातात.

गाणं मधे मधे तुटत असेल तर लोक महागडा प्लॅन घेतात. घेऊ नका. हिशेब करा: उत्तम प्रतीचं ऐकायचं झालं तरी गाण्याला सेकंदाला ३२० किलोबिट लागतात, म्हणजे एक एमबीपीएसचा तिसरा हिस्सा. सलग तासभर ऐकलं तर साधारण १४४ एमबी. तुमचं ५० एमबीपीएसचं कनेक्शन त्याला शंभरपट पुरून उरतं. अडचण वेगाची नसते, पोचण्याची असते. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जाड. राउटर दिवाणखान्यात आणि डबा माजघराच्या पलीकडे. राउटर सहसा दोन लहरींवर चालतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पाचवाली वेगवान, पण भिंतीला हार मानणारी. २.४ वाली सावकाश, पण भिंतीतून जाणारी. लांबच्या खोलीतला डबा २.४ वर जोडून घ्या. मात्र तो मायक्रोवेव्ह ओव्हनपासून दूर ठेवा, कारण ओव्हनही त्याच लहरीच्या आसपास चालतो.

यापुढचं स्टेशन खात्याचं, आणि तिथली एक हकीकत सांगतो. आपल्याच एका सभासदांच्या घरी रोज सकाळी भजनं सुरू व्हायची आणि साडेआठच्या सुमारास बंद पडायची. रविवारी कधीच नाही. राउटर बदलला, डबा बदलला, कुणी तरी तर विजेच्या दाबावर संशय घेतला. रविवार सोडून बिघडणारं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही; रविवार माणसं पाळतात. चौकशी केली तेव्हा कळलं, की गाण्यांचं खातं पुण्यातल्या मुलाचं. तो साडेआठला गाडीत बसला आणि त्याने आपलं गाणं लावलं, की इकडे इंदुरात आईचं भजन थांबायचं. एकट्याच्या वर्गणीचं खातं साधारणपणे एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. आईने तीन महिने कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपल्याच हातून काही तरी दाबलं जातं. मुलाने कुटुंबासाठीची वर्गणी घेतली, आईचं खातं वेगळं झालं आणि प्रश्न मिटला. खरं तर त्या मुलालाही आपल्या गाडीतलं गाणं कधी कधी का थांबतं याचं कोडं पडलेलं होतं.

याच प्रकाराची दुसरी बाजूही आहे. खातं सामायिक असलं तर मुलाच्या मोबाइलवर तुमचा डबा ‘इथेही वाजवू शकता’ म्हणून दिसतो. तिकडे चुकून बोट लागलं, की रात्री अकराला तुमच्या उशाशी ढोल-ताशा. भूत नाही, पोरगा आहे.

खात्याबद्दल अजून दोनच गोष्टी. घरात दोन-तीन सेवा असतील, तर अ‍ॅपमध्ये कुठली तरी एक ‘डिफॉल्ट’ म्हणून ठरवलेली असते आणि डबा आधी तिथेच शोधतो. तुमची वर्गणी एकीकडे आणि डबा शोधतोय दुसरीकडे, असं असेल तर जन्मभर सापडणार नाही. तेव्हा तिथे एकदा बघून घ्या. आणि फुकटच्या किंवा स्वस्तातल्या योजनेत पुष्कळदा मागितलेलं नेमकं गाणं लावायची सोयच नसते. ‘त्यासारखं’ काही तरी लावतात. त्याला बिघाड म्हणू नका. पैसे भरायचे की नाही, एवढंच ठरवा.

आता मी ज्यासाठी आलो ते. समज आणि नाव. आपल्या घरांत गाडी सगळ्यांत जास्त इथेच अडते.

आपल्याकडे मिळणारे हे डबे हिंदी आणि इंग्रजी समजतात. मराठी नाही. मोबाइलमधल्या गूगलला मराठी कळतं, डब्याशी मात्र हिंदी-इंग्रजीतच निभवायचं. पुण्या-मुंबईच्या आपल्या नातेवाइकांना याचा फार राग येतो. आपलं बरं आहे. आपण चार-पाच पिढ्या बाजारात हिंदी आणि घरात मराठी बोलत आलोय. डबा म्हणजे बाजार समजा. भाषा अ‍ॅपमध्ये हिंदी ठेवा, किंवा हिंदी-इंग्रजी दोन्ही ठेवायची सोय आहे ती घ्या, आणि सराफ्यात बोलता तसं सरळ हिंदीत मागा.

फक्त मराठी नावं उच्चारताना थोडी तडजोड लागते. हिंदीच्या कानाला आपला ळ नसतो. आपण म्हणतो माळवा, शेजारी म्हणतात मालवा. डबा शेजाऱ्यांच्या बाजूचा आहे. आपण ज्ञानेश्वर ‘द्न्या’ने म्हणतो, हिंदीत तो ‘ग्या’ने होतो. डब्याला माउलींचा अभंग मागताना ‘ग्यानेश्वर’ म्हणायला जीभ रेटत नाही, मला कल्पना आहे. म्हणा. माउली रागावणार नाहीत. चंद्रातला च त्याला कळतो, चांदण्यातला च कळत नाही, कारण तो हिंदीत नाहीच. त्यात भर म्हणजे भांडारात मराठी गाण्यांची नावं बहुधा रोमन लिपीत भरलेली, आणि भरणाऱ्याने मनाला येईल तसं स्पेलिंग केलेलं. एकीकडे ‘डी-एन-वाय’, दुसरीकडे ‘जे-एन’, तिसरीकडे ‘जी-वाय’. आपण एकच नाव उच्चारतो आणि तिकडे तीन वेगळी माणसं नोंदलेली असतात.

दुसरा घोळ नावबंधूंचा. आपल्या इंदूर घराण्याचे अमीर खाँसाहेब. नुसतं ‘अमीर खान’ म्हणून पाहा, सिनेमातल्या आमिर खानची गाणी सुरू होण्याची दाट शक्यता. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. जगात त्या नावाने जास्त लोक काय मागतात त्यावर ते अंदाज बांधतं. म्हणून ‘उस्ताद’ म्हणा आणि राग जोडा: “उस्ताद अमीर ख़ान का राग मारवा बजाओ.” राग आला की सिनेमाचा रस्ता बंद. कुमार गंधर्वांचंही तसंच. कुमारजी १९४८ पासून देवासला, आपल्यापासून तासाभरावर राहिले, आपल्याला ‘कुमारजी’ एवढं पुरतं. डब्याला कुमार सानूही कुमारच. म्हणून ‘पंडित कुमार गंधर्व’ असं पूर्ण नाव, आणि पुढे भजन, निर्गुण किंवा राग.

नाट्यसंगीतात तर सिनेमांनी जुनी नावं झाकून टाकली आहेत. ‘बालगंधर्व’ म्हटलं की २०११च्या चित्रपटातली आनंद भाट्यांची पदं येतात. गातात सुरेख, पण तुम्हाला नारायणरावांचा आवाज हवा होता. ‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं तर २०१५चा चित्रपट. १९६७च्या नाटकातलं वसंतराव देशपांड्यांचं पद हवं असेल तर वसंतरावांचं नाव आधी, नाटकाचं नंतर. आणि नुसतं ‘देशपांडे’ म्हणू नका, नातूही गवई आहे. संगीतकाराच्या नावाने मागण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या पिढीला चाल कोणाची हे आधी आठवतं, पण भांडारातल्या नोंदीत ठळक असतं ते गायकाचं नाव. गायक, मग गाणं, मग चित्रपट किंवा नाटक. पदाचे सुरुवातीचे दोन-तीन शब्द पुरतात, पण ते स्पष्ट.

गीतरामायणाचं एक वेगळंच दुखणं आहे. माडगूळकर-फडक्यांची ती ५६ गीतं पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये आठवड्यामागून आठवडा आली, आणि त्यांना क्रम आहे. डबा ‘शफल’वर असला तर पत्ते पिसावे तसं पिसतो. रामजन्माच्या आधीच सेतू बांधून होतो. “शफल ऑफ” म्हणा, मग पहिल्यापासून लावा. आणखी एक: वर्षभरात आकाशवाणीवर ती गीतं अनेक गायकांनी गायली, आणि पुढे बाबूजींनी स्वतः सगळी गायली. तुम्हाला बाबूजीच हवे असतील तर सुधीर फडके हे नाव घ्याच.

आता या सगळ्यातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट, जी मुलं सांगत नाहीत. तुम्ही काय बोललात ते नव्हे, तर डब्याने काय ऐकलं ते तुम्हाला वाचता येतं. अलेक्साच्या अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीच्या सदरात व्हॉइस हिस्टरी असते; गूगलमध्ये खात्याच्या ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’त. तिथे तुमचं प्रत्येक वाक्य लिहिलेलं सापडतं, त्याला कळलं तसं. ‘गंधर्व’चं ‘गंदा घर’ झालेलं दिसलं की हसू येतं, आणि पुढच्या वेळी कुठे सावकाश बोलायचं ते कळतं. काकूंना ‘नीट बोला’ म्हणण्याआधी घरच्यांनी हे पान त्यांना उघडून दाखवावं. त्या नीटच बोलल्या होत्या, हे बहुतेक वेळा तिथेच दिसतं. हिस्टरी नको असेल तर तिथूनच पुसताही येते. हा डबा सारखं आपलं बोलणं ऐकतो का, असं मघाशी एका ताईंनी विचारलं, त्यांनीही हेच पान पाहावं. तो कान लावून असतो स्वतःच्या नावासाठी; पण कधी कधी नावासारखा दुसराच शब्द ऐकून जागा होतो, आणि तेव्हाचं बोलणंही या पानावर दिसतं. खासगी बोलायचं असेल तेव्हा माइकचं बटण दाबून लाल दिवा लावावा.

इतकं करूनही एखादं नाव त्याला कळतच नसेल, तर नावाचं भांडण सोडून द्या. मोबाइलवर ते गाणं एकदा टाइप करून शोधा, देवनागरीत शोधलं तरी बऱ्याचदा सापडतं, आणि आपल्या आवडीच्या वीस-पंचवीस गाण्यांची प्लेलिस्ट करा. प्लेलिस्टला नाव मात्र असं द्या, की जे यंत्राला कळेल आणि ज्या नावाचं गाणं नसेल. एका घरी आम्ही ‘पोहा’ ठेवलं. रोज सकाळी आजी म्हणतात, “अलेक्सा, मेरी प्लेलिस्ट पोहा बजाओ,” आणि माणिक वर्मा सुरू होतात. ‘जलेबी’ ठेवू नका; त्या नावाने काय लागेल ते नातवंडांना विचारा. अशीच सोय ‘रूटीन’ नावाने आहे: सकाळी सहाला ही प्लेलिस्ट, इतक्या आवाजात, अर्ध्या तासाने बंद. एकदा लावून ठेवलं की बोलायचीही गरज नाही. ‘ऑटोप्ले’ मात्र बंद करा, नाहीतर तोडीचा ख्याल संपल्यावर ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून जे सुरू होतं ते श्रीखंडावर शेव घातल्यासारखं असतं. आपण इंदूरकर शेव कशावरही घालतो, तरीपण.

प्लेलिस्टमधली गाणी अधूनमधून मोजत जा. कालपर्यंत असलेलं गाणं आज फिकट दिसलं आणि वाजलं नाही, तर रेकॉर्ड कंपनी आणि त्या सेवेचा करार संपलेला असू शकतो. तिथे तुमचा किंवा डब्याचा इलाज नाही. दुसऱ्या सेवेत शोधा, किंवा दुसऱ्या मैफलीतलं तेच गाणं घ्या.

शेवटचा उपाय ब्लूटूथ. मोबाइलमधलं गाणं डब्यातून ऐकायचं, म्हणजे नाव ओळखायचा प्रश्नच उरत नाही. घरी पाहुण्यांनी त्यांचा फोन जोडला असेल तर मात्र ते जाताना “ब्लूटूथ डिस्कनेक्ट” म्हणून मोकळे व्हा. नाहीतर पुढच्या वेळी ते दारातून आत आले, की त्यांच्या फोनमधले व्हिडिओ तुमच्या डब्यातून बोलू लागतील.

गणपतीच्या दहा दिवसांसाठी एवढंच. आरत्यांची प्लेलिस्ट आधीच्या दिवशी करा, क्रमाने लावा, शफल आणि ऑटोप्ले दोन्ही बंद आहेत ना ते बघा, आणि मुलाला फोन करून सांगा की संध्याकाळी सात ते आठ या खात्याला हात लावू नको.

चहानंतर मी इथेच बसणार आहे. ज्यांनी डबे आणलेत त्यांनी सोबत त्याचा अडॅप्टर, घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला कागद, आणि ज्या फोनमध्ये अ‍ॅप आहे तो फोन घेऊन या. फोन मुलाकडे परगावी असेल तर त्याला आत्ताच फोन लावा, आज रविवार आहे, तो घरी असेल.